बेलिफ आला तेव्हा घरी मी होतो

ताई,

काल अमरावतीला जाऊन आलो. कौटुंबिक न्यायालयात तुझ्या अर्जाची तारीख होती. शिपायानं तुझं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तू नाहीस हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी उगीचच उठून उभा राहिलो, आणि उभा राहिल्यावर काय करायचं ते कळेना. मग वकीलबाई पुढे झाल्या आणि त्यांनी दोन ओळींचा एक कागद दिला. अर्जदार मयत झाल्या असून मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. न्यायाधीशबाईंनी तो वाचला, चष्मा काढला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुढची फाईल घेतली. इतके महिने चाललेलं सगळं पाच मिनिटांत आटोपलं.

अशा कागदाला पुरसीस म्हणतात, हे मला तूच शिकवलंस. तुझ्या वहीत त्या शब्दापुढे लिहिलं आहे, ‘कोर्टाले काही कळवाचं असन तं द्याची चिठ्ठी. भांडन नाही, मागनं नाही, निसतं कळवनं.’ तुझ्याच मरणाची चिठ्ठी कधी द्यावी लागेल, हे लिहिताना तुझ्या डोक्यात नसणार.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, “गुरुजी, घटस्फोटाच्या हुकमाचं काय ते पुढे बघता येईल. मुलीच्या ताब्याचं मात्र संपलं. आईच राहिली नाही तर ताबा मागायचा कुणासाठी? तुमच्या साक्षीचीही आता गरज नाही.”

गरज नाही. महिनाभर मी ती साक्ष घोकत होतो. लहानपणी रुद्र पाठ करतानाही इतकं घोकलं नव्हतं. तेव्हा निदान मी अडखळलो की स्वयंपाकघरातून तू हळूच पुढची ओळ सांगायचीस, आणि बाबांना वाटायचं पोरगा तयार झाला. ही साक्ष मला एकट्याला द्यायची होती. आता ती ऐकायला कोर्ट नाही, वकील नाही, तूही नाहीस. तरी देतो. उशिरा देतो आहे हे मला माहीत आहे.

अकोटला आपल्या घरी आई जाऊन नववा दिवस होता. तू दोन महिने तिच्या उशाशी होतीस. शर्वरीची परीक्षा होती म्हणून तिला अमरावतीला तिच्या बापाजवळ ठेवून आली होतीस. तुमच्या दोघांचं बरं नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण तू आईचं करत असताना तिकडे तो घटस्फोटाचा दावा लावेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या दुपारी तू आईच्या खोलीत निपचित पडून होतीस. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता तुझ्या. दारात एक म्हातारा माणूस आला. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला.

“सुनंदाबाई इथंच राह्यतेत काय?”

“हो. पण घरात सुतक आहे.”

“कोर्टाचा कागद हाये, महाराज. बाई नसन तं घरच्या मोठ्या मानसाची सही बी चालते.”

“सुतकात आम्ही काही देत नाही, घेत नाही. नमस्कारसुद्धा करत नाही. तेराव्यानंतर या.”

“म्या पुन्हा नाही येत ना जी. मंग नकार लिहू काय?”

“काय लिहायचं ते लिहा,” असं मी म्हणालो. याच शब्दांत. आवाजही चढवला होता. उघड्या अंगानं, पंचा नेसून दारात उभा राहून मी कोर्टाला सुतक शिकवत होतो.

त्यानं खिशातून डिंकाची बाटली काढली आणि कागदाची एक प्रत दाराला डकवली. नियमच आहे तसा, घेतला नाही तर दाराला लावायचा. तो कोपऱ्यावर वळल्यावर मी तो कागद सोलून काढला. दुसऱ्या दिवशी दहाव्याला माणसं येणार होती, त्यांनी काय म्हणावं? घडी घालून पंचांगात ठेवला. तेरावा झाला की तुला देऊ, असं मनाशी म्हटलं.

तेरावा झाला. मी दिला नाही.

का नाही दिला, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तरं पाठ झाली आहेत. एक उत्तर असं, की आपल्या भागात सगळे जे समजतात तेच मी समजत होतो. कागद घेतलाच नाही तर केस उभी राहत नाही. पारावर बसणारा प्रत्येक जण हेच सांगतो. कुणाची तरी पोस्टाची नोटीस परत गेली, कुणी बेलिफ दिसला की मागच्या दारानं शेतात पळालं, अशा गोष्टी सांगून लोक हसतात. खरं उलट आहे. नाकारलेला कागद पोचला असंच कोर्ट धरतं. मी चार वेदांतलं थोडंफार शिकलो, हे एवढंसं मला माहीत नव्हतं.

दुसरं उत्तर याहून वाईट आहे. तुझं लग्न बाबांनी लावलं तेव्हा अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं. आपण लावलेलं लग्न, आपल्याच घरातलं, मोडलं, हे मला गावात नको होतं. उद्या कुणाच्या मुहूर्ताला गेलो तर लोक माझ्या तोंडाकडे बघतील. तुझ्या नवऱ्याचा राग निवळेल, तू परत जाशील, कागद पंचांगात कुजून जाईल, असा माझा हिशेब होता. तुझं मन विचारण्याची मला गरजच वाटली नाही. मला लाज वाटते, ताई.

तिकडे कोर्टानं ठरल्याप्रमाणे काम केलं. तू आली नाहीस म्हणून एकतर्फी चालवलं. घटस्फोट झाला, शर्वरीचा ताबा बापाकडे गेला, आणि तुला यातलं काही माहीत नाही. तू फोन केलास की तो म्हणायचा, राहा तिथेच थोडे दिवस, पोरीची शाळा बुडेल. शेवटी तू न सांगता अमरावतीला तिच्या शाळेत गेलीस. मुख्याध्यापिकेनं कपाटातून हुकमाची झेरॉक्स काढून तुझ्यासमोर ठेवली. शर्वरी वर्गाच्या खिडकीतून तुझ्याकडे बघत होती आणि बाहेर आली नाही. त्या संध्याकाळी तू अकोटला आलीस, चप्पल न काढता ओसरीवर बसलीस आणि विचारलंस, “विनू, आई गेली तवा तू घरीच होता ना? कोनी आलं होतं का कोर्टाचं?”

मी म्हणालो, “नाही. मला तरी आठवत नाही.”

मग तो एकतर्फी हुकूम रद्द व्हावा म्हणून तू अर्ज आणि शपथपत्र केलंस. मला समन्स मिळालेला नाही, बेलिफ आमच्या घरी आलेलाच नाही, त्याचा अहवाल खोटा आहे. माझ्या एका वाक्याच्या भरवशावर तू त्या म्हाताऱ्याला खोटं ठरवलंस. सही करताना मी शेजारी होतो. पेनही माझंच होतं.

त्यानंतर तू जी उभी राहिलीस, ते मात्र मी कधी विसरणार नाही. अकोल्याला शाळेत लागलीस, खोली घेतलीस, अमरावतीची गाडी तिथून सोपी म्हणून. आणि एक शंभर पानी वही केलीस. वकिलाच्या तोंडून पडलेला एकेक शब्द तीत उतरवायचा, आणि त्याच्यापुढे तुझा अर्थ, तुझ्या वर्गातल्या पोरांच्या बोलीत. आपल्या घरात सगळे पुस्तकी बोलणारे, लहानपणी तूच ती बोली घरात आणलीस आणि बाबांची बोलणी खाल्लीस. ती वही आता माझ्यासमोर आहे. ‘समन्स : कोर्टाचं बोलावनं. लग्नाचं बोलावनं चुकलं तं रुसवा काढता येते. हे चुकलं तं कोर्ट तुह्याबिगर पुढं जाते.’ ‘अंतरिम : निकाल लागेपर्यंतचं. सैपाक व्हाचा हाये, तवरक मुरमुरे.’ ‘ताबा : लेकरू कोनापाशी राहीन ते. पालकत्व येगळं. लेकराच्या वतीनं सही कोन करीन, ते पालकत्व.’ एका पानावर नुसतं ‘विलंब माफी’ लिहिलंय आणि पुढे काहीच नाही. तो अर्जही तुला करावा लागला होता, उशीर का झाला ते कोर्टाला समजावून सांगण्यासाठी. अर्थ लिहायचा राहिला की मुद्दाम सोडलास, माहीत नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर तुझी शाळाच भरायची. अचलपूरची ती अंगावरचं पोर घेऊन येणारी, आठवते ना? अंतरिम पोटगी मंजूर झाली म्हटल्यावर तिला वाटलं आपण जिंकलो, आता यायला नको. निघालीच होती. तू तिला हाताला धरून बसवलंस. “अवं, हे निकालापरेंतचं हाये. केस चालूच हाये. पुढची तारीख चुकवशीन तं त्याचंच ऐकतीन.” मग दर्यापूरच्या एकीला कलम नऊ समजावलंस. नवऱ्यानं तिला नांदायला पाठवा म्हणून दावा लावला होता आणि ती थरथरत होती की पोलीस येऊन उचलून नेऊन घालतील. “हुकूम होईन, पन हात धरून कोनी नेत नाही. पन जबाब देनं सोडू नको.” बाया तुला बाई म्हणायच्या. त्यांच्यातलीच एक जण एकदा बोलून गेली, “बाई, तुमाले इतकं समजते, मंग तुमचं कसं काय फसलं?”

तू हसलीस. “मले समजाच्या आधीच झालं ना वं.”

मी डबा मांडीवर घेऊन शेजारी बसलो होतो. तो डबा उघडून मी त्या बाईला पोळी विचारली.

आपला जुना वादही त्या दिवसांत पुन्हा निघाला. तू म्हणायचीस, वकील लोक आणि तुम्ही भटजी सारखेच. समोरच्याला न कळेल असं बोलायचं आणि सही घ्यायची, नाहीतर अक्षता टाकून घ्यायच्या. मी चिडायचो. मंत्रांचे अर्थ पुस्तकात दिलेले आहेत, ज्याला हवा त्यानं विचारावा. “काहून रे, विचाराची सोय ठेवतोस का? पोरगी खाली मान घालून बसेल, धूर तिच्या डोळ्यात जाईल, आन् तुझं घड्याळाकडे लक्ष, दुसऱ्या कार्यालयात जायचंय.” मी म्हणालो, कोर्ट आणि होम यांची तुलना करू नकोस. तू म्हणालीस, दोन्हीकडं माह्याच आयुष्याचं चाललं होतं, मले कळाले पाहिजे होतं. तो वाद तसाच राहिला. मागच्या आठवड्यात अंजनगावला एक लग्न होतं. मी सप्तपदीला थांबलो आणि मराठीतून एकेका पावलाचा अर्थ सांगितला. मुलीच्या मामानं दोनदा घड्याळ दाखवलं. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

आणि मग बेलिफाची उलटतपासणी. तुझ्या वकीलबाईंनी त्याला बोलावलं होतं, तो खोटा पडावा म्हणून. म्हातारा पिंजऱ्यात उभा राहिला. निवृत्त झाला होता तोवर. त्याला सगळं आठवत होतं.

“त्या घरी मयत झाली होती. एक गुरुजी पंचा लावून दारात आले. सुतक हाये, कागद घेत नाही म्हनले. म्या विचारलं नकार लिहू काय, तं म्हनले लिहा. मी दाराले डकवला, साहेब. माह्या पस्तीस वर्षाच्या नोकरीत म्या एक खोटा रपोट देल्ला नाही.”

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मला ओळखलं की नाही, ते आजही सांगता येत नाही. तू पुढच्या बाकावर होतीस. तुझी मान वळली नाही. मला फक्त तुझी वेणी दिसत होती आणि पाठ, एकदम ताठ.

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस. मूर्तिजापूर आलं. मग म्हणालीस, “मी त्या मानसाले खोटारडा म्हनलं रे, शपथेवर.” मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तू हात वर केलास. “आता नको. पुढच्या तारखेले कोर्टात बोलशीन?”

“बोलीन,” मी म्हणालो.

“सारं?”

“सारं.”

तू डोळे मिटून घेतलेस. अकोला स्टँडवर उतरताना पिशवी माझ्या हातात दिलीस, रोजच्यासारखी. तू शिव्या द्यायला हव्या होत्या. दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर मी ते आयुष्यभर जपून ठेवलं असतं. तू काहीच केलं नाहीस, आणि मी मूर्खासारखा हलकं वाटून घेत अकोटची गाडी पकडली.

त्या शनिवारी शर्वरीच्या भेटीची पाळी होती. महिन्यातून दोन शनिवार, कोर्टातल्या खेळण्यांच्या खोलीत, एक तास. बारा वर्षांच्या मुलीला त्या मोडक्या घसरगुंडीचं काय करायचं होतं देव जाणे. ती नेहमी लांबच्या खुर्चीवर बसायची, तू जवळ गेलीस की पुस्तक उघडायची. तिच्या मनात एकच गोष्ट भरवलेली होती. तुझ्या आईला कोर्टानं बोलावलं होतं, ती आली नाही, तिला तू नको होतीस. त्या शनिवारी तू बाहेर आलीस तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मी विचारलं, काय झालं. तू म्हणालीस, “काही नाही. चाल, गाडी चुकीन.”

पुढच्या गुरुवारी शाळेत प्रार्थनेच्या वेळी तू खाली पडलीस. डोक्यात रक्तस्राव. अकोल्याच्या दवाखान्यात तीन दिवस मी तुझ्याजवळ होतो आणि त्या तीन दिवसांत मी तुझ्या कानाशी सगळं बोललो. डॉक्टर म्हणाले त्यांना ऐकू येत नाही. मी तरीही बोलत राहिलो. शर्वरीला आणलं नाही त्यांनी. परीक्षा होती म्हणाले.

काल ती आली होती. बाप कागदावर सही करायला आला, तिला घरी एकटी ठेवायची नाही म्हणून बरोबर. मी त्याला म्हणालो, मला हिच्याशी बोलायचंय. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “पाच मिनिटं. रडवू नका तिला.” आम्ही व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिलो. ती माझ्या खांद्याला आली आहे आता. तुझ्यासारखीच भुवई वर करून बघते.

मी तिला साक्ष दिली. म्हातारा आला, मी परत पाठवला, दारावरचा कागद मीच काढला, आईनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तुझ्या आईला बोलावणं पोचलंच नव्हतं. ती आली नाही कारण तिला कुणी सांगितलंच नाही. सांगायचं काम माझं होतं. घोकलेलं काही आठवलं नाही, जे आलं ते बोललो.

ती रडली नाही. म्हणाली, “पण आईनं तर मला वेगळंच सांगितलं.”

“कधी?”

“लास्ट टाइम. मी विचारलं तिला, तुला बोलावलं तेव्हा का नाही आलीस. दर वेळी ती म्हणायची मला माहीत नव्हतं. त्या दिवशी म्हणाली, माझ्याच हातून राहिलं, शरू. कागद आला होता, मी लक्ष दिलं नाही. चूक माझी आहे, मामाचा वगैरे काही संबंध नाही.” तिनं भुवई वर केली. “मी मामाचं नावपण नव्हतं घेतलं.”

टाकीच्या नळातून पाणी गळत होतं. कुणीतरी आतून पुढचं नाव पुकारलं.

“म्हणजे ती खोटं बोलली,” शर्वरी म्हणाली.

“हो.”

“तुमच्यासाठी.”

मी मान हलवली. पलीकडून तिचा बाप गाडीची किल्ली दाखवत होता. तिनं दप्तराचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी त्या दिवशी ठरवून गेले होते, मामा. माहीत नव्हतं असं ती पुन्हा एकदा म्हणाली, तर या वेळी विश्वास ठेवायचा आणि तिच्याजवळ जाऊन बसायचं.”